ग्रंथशोधाचे गणित मांडणारे रंगनाथन

मन नसताना ग्रंथालयात गेलेला गणिताचा प्राध्यापक पुढे त्याच विषयाचा शास्त्रकार ठरावा, असे क्वचितच घडते. शियाळी रामामृत रंगनाथन यांच्या बाबतीत ते घडले. १८९२ साली तंजावर जिल्ह्यातील शियाळी येथे जन्मलेले रंगनाथन मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात गणित शिकवत. १९२४ च्या जानेवारीत ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. तेथील रितेपणाला ते इतके कंटाळले की, अध्यापनात परत घ्यावे, अशी विनंती त्यांनी केली. आधी लंडनला जाऊन प्रशिक्षण घ्यावे, मग ठरवावे, असा मार्ग निघाला.

लंडनहून ते परतले ते ग्रंथपाल म्हणूनच. तेथे एका दुकानात पाहिलेल्या मेकॅनो या खेळण्याने त्यांना दिशा दिली होती. मोजक्या पट्ट्या आणि नट-बोल्टांतून हवी ती आकृती जोडता येते, तर विषयही असाच का जोडू नये? प्रत्येक पुस्तकाला आधीच ठरलेल्या खणात कोंबण्याऐवजी त्यांनी विषयाचे पैलू सुटे केले. विदर्भातील कापसावरील कीड हा विषय घेतला, तर पीक, रोग आणि स्थळ यांची चिन्हे वेगळी. ती जोडायची द्विबिंदूने. १९३३ साली ही द्विबिंदू वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध झाली. त्याआधी १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले होते. वाचकाचा वेळ वाचवणे हा त्यांतील चौथा.

१९५५ साली लंडनच्या वर्गीकरण संशोधन गटाने माहितीशोधाच्या सर्व पद्धतींचा पाया पैलूंवर आधारित वर्गीकरणच असावा, असे प्रतिपादन केले. १९६२ मध्ये रंगनाथन यांनी बंगळुरू येथे प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभारले. १९७२ साली त्यांचे निधन झाले.

आज कृत्रिम बुद्धिमत्ता मजकुराचे आकड्यांत रूपांतर करून अर्थाने जवळचे दस्तऐवज शोधते आणि त्यांवरून उत्तरही रचते. पण विषय जुळला, तरी वर्ष किंवा स्थळ चुकले, की भलताच कागद हाती येतो. म्हणून अशा यंत्रणांतही वर्ष, स्थळ, प्रकार अशा पैलूंची चाळणी लावावी लागते. झटपट मिळालेले उत्तर पुन्हा पडताळत बसावे लागले, तर वाचकाचा वेळ वाचला कुठे? रंगनाथन यांचा चौथा सिद्धांत यंत्रालाही याच कसोटीवर उभे करतो.