खाशाबा जाधव : पदकाचे मोल

खेळ आणि पैसा यांचे नाते आज इतके घट्ट झाले आहे, की एके काळी ऑलिम्पिकच्या प्रांगणात पैशाचे नाव काढणेही निषिद्ध होते, हे सांगूनही पटत नाही. स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळवून देणारे मल्ल खाशाबा दादासाहेब जाधव त्या निषिद्ध काळात घडले. खेळाडूने खेळातून दमडीही कमवू नये, असा त्या स्पर्धेचा दंडक होता. पण त्या स्पर्धेला जाण्यासाठी लागणारे हजारो रुपये कुठून आणायचे, याबाबत दंडक मौन पाळून होता. खाशाबांच्या आयुष्यातील यश आणि उपेक्षा या दोन्हींचे मूळ या विसंगतीत आहे.

सातारा जिल्ह्यात कराडजवळ गोळेश्वर हे खाशाबांचे गाव. १५ जानेवारी १९२६ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः मल्ल. पाच भावांत खाशाबा सर्वांत धाकटे. घरातच तालीम असल्याने लाल मातीशी नाते जुळण्यास वेळ लागला नाही. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिक्षण झाले आणि पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. उंची बेताची, देह आटोपशीर, पण चपळाई विलक्षण. ढाक हा त्यांचा हातखंडा डाव. धिप्पाड मल्लांच्या त्या जमान्यात हा लहानखुरा पोरगा काय करणार, असे म्हणणाऱ्यांना उत्तर देण्याचे काम त्यांनी नेहमी आखाड्यावरच सोपवले.

कोल्हापूर ही त्या वेळी कुस्तीची राजधानी होती. छत्रपती शाहू महाराजांनी मल्लविद्येला राजाश्रय दिला, तालमी उभ्या केल्या आणि १९१२ मध्ये खासबागेचे भव्य मैदान बांधले. मल्लांच्या खुराकाची चिंता दरबार वाहत असे. सातारा-सांगलीपासून मराठवाड्यापर्यंतच्या होतकरू पोरांची पावले त्यामुळेच कोल्हापूरकडे वळत. या राजाश्रयाचा लाभ खाशाबांनाही झाला. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकसाठी त्यांची निवड झाली, तेव्हा प्रवासखर्चाचा मोठा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. खाशाबा लंडनमध्ये झुंजत होते, तेव्हा नांदेड आणि लातूरचा मुलूख अद्याप निजामाच्या राजवटीत होता. मराठवाड्याची मुक्तता त्यानंतर महिनाभराने, १७ सप्टेंबर १९४८ रोजी झाली.

लंडनला खाशाबांपुढे नवेच संकट उभे राहिले. जन्मभर मातीत कुस्ती खेळलेल्या या मल्लाचा मॅटशी परिचय नव्हता. मातीच्या कुस्तीत वजनगटांचे बंधन नसते आणि प्रतिस्पर्ध्याला चीतपट केल्याखेरीज निकाल लागत नाही. ऑलिम्पिकच्या कुस्तीत मात्र वजन काट्यावर तोलले जाते, वेळ घड्याळावर मोजली जाते आणि चीतपट झाली नाही तर पंच गुणांवर निर्णय देतात. रीस गार्डनर या अमेरिकन प्रशिक्षकाचे थोडेफार मार्गदर्शन मिळाले आणि तेवढ्या शिदोरीवर खाशाबांनी फ्लायवेट गटात सहावे स्थान मिळवले. कुस्तीत तोवर कुण्या भारतीयाने एवढी मजल क्वचितच मारली होती. मायदेशी परतताना पुढचे ऑलिम्पिक त्यांच्या डोळ्यांसमोर होते.

मधल्या चार वर्षांत देशाचे चित्र पालटले. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. विलीनीकरण ही काळाची गरज होती आणि जनतेची इच्छाही. परंतु दरबाराबरोबर मल्लांचा पोशिंदाही गेला. नव्या सरकारपुढे निर्वासित, अन्नटंचाई आणि पोलाद-धरणांच्या योजना होत्या. खेळाडूंच्या प्रवासखर्चाची तरतूद करण्याची सवय त्याला अजून लागायची होती. राजाश्रय संपला होता, लोकशाही सरकारचा आश्रय सुरू झाला नव्हता आणि बाजारपेठेला तर ऑलिम्पिकच्या दारातच मज्जाव होता. या तिहेरी पोकळीत खाशाबांना हेलसिंकीची तयारी करावी लागली.

त्यात निवडीचाही घोळ झाला. निवड चाचणीत अवघ्या एका गुणाच्या फरकाने त्यांना डावलले गेले. अन्याय झाल्याची खाशाबांची भावना होती. स्वस्थ न बसता त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा लढत ठरली आणि प्रतिस्पर्धी निरंजन दास यांना नमवून त्यांनी संघातील जागा मिळवली.

जागा मिळाली, पण तिकिटाचे पैसे नव्हते. खाशाबा आणि त्यांचे हितचिंतक गावोगाव हिंडले. शेतकऱ्यांनी, दुकानदारांनी, शिक्षकांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे वर्गणी दिली. मुंबई सरकारकडे अर्ज-विनंत्या झाल्या आणि बऱ्याच खेटा घातल्यानंतर थोडी मदत पदरात पडली. तरीही मोठी रक्कम कमी पडत होती. तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी स्वतःचे राहते घर गहाण टाकून ७ हजार रुपये उभे केले. आपल्या विद्यार्थ्याच्या मनगटावर एका शिक्षकाने डोक्यावरचे छप्पर पणाला लावले. भारतीय क्रीडा इतिहासात प्रायोजकत्वाचे याहून मोठे उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

१९५२ च्या जुलैमध्ये हेलसिंकी नगरीत ६९ देशांचे खेळाडू जमले. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनी आणि जपान प्रथमच ऑलिम्पिकमध्ये परतले होते आणि सोव्हिएत रशियाचे तर हे पदार्पणच होते. उद्घाटन सोहळ्यात ज्योत घेऊन धावत आले ते फिनलंडचे महान धावपटू पावो नुर्मी. धावण्यासाठी पैसे घेतल्याच्या ठपक्यावरून १९३२ मध्ये याच नुर्मींना ऑलिम्पिकबाहेर ठेवण्यात आले होते. हौशीपणाचे सोवळे किती कडक होते, याची कल्पना यावरून यावी. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या अध्यक्षपदी निवडून आलेले अमेरिकेचे एव्हरी ब्रंडेज हे तर या सोवळ्याचे सर्वांत कट्टर पुरस्कर्ते. पुढील वीस वर्षे समितीची सूत्रे त्यांच्या हाती राहिली.

खाशाबा ५७ किलोच्या बँटमवेट गटात उतरले. कॅनडाचा पोलिकिन आणि मेक्सिकोचा बासुर्तो यांना त्यांनी चीतपट केले. जर्मनीच्या श्मिट्झला गुणांवर हरवले. यानंतर गाठ पडली ती जपानचा शोहाची इशी आणि रशियाचा रशीद मामेदबेकोव्ह या दोघांशी. या दोन्ही लढती त्यांनी गमावल्या. इशी सुवर्णपदकाचा मानकरी ठरला, तर मामेदबेकोव्ह रौप्यपदकाचा. दोन दमछाक करणाऱ्या लढतींच्या दरम्यान नियमानुसार मिळायला हवी ती विश्रांती खाशाबांना मिळाली नाही आणि त्यांची बाजू मांडायला भारतीय पथकातील एकही अधिकारी तेथे हजर नव्हता, ही हकिकत कुस्तीशौकिनांत अनेक वर्षे हळहळीने सांगितली गेली. तरीही २३ जुलै १९५२ रोजी खाशाबांच्या गळ्यात कांस्यपदक पडले. कोल्हापूरच्याच तालमीतले केशव माणगावे यांचे पदक याच स्पर्धेत थोडक्यात हुकले आणि ते चौथे आले. दरबार नाही, प्रायोजक नाही, सरावाला मॅट नाही, अशा स्थितीत एका जिल्ह्याच्या मातीने जगाच्या व्यासपीठावर दोन मल्ल उभे केले होते.

खाशाबा परतले, तेव्हा कराडहून गोळेश्वरपर्यंत शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. काही मिनिटांच्या वाटेला कित्येक तास लागले. गावाने आपल्या पोराचे कोडकौतुक करण्यात कसर ठेवली नाही. मात्र सत्काराचे हार सुकण्याआधी खाशाबांनी हाती घेतले ते कर्ज फेडण्याचे काम. कोल्हापुरात कुस्त्यांचे फड भरवून मिळालेल्या पैशातून त्यांनी खर्डेकरांचे घर सोडवले. खेळाडूने खेळातून कमाई करू नये, हा नियम ज्यांनी केला त्यांच्या डोळ्यांपुढे घरंदाज, सुखवस्तू हौशी खेळाडू होता. शिष्यासाठी गहाण पडलेले घर त्यांनी पाहिले नव्हते.

१९५५ मध्ये खाशाबा मुंबई पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकला जाण्याची उमेद होती, पण गुडघ्याच्या दुखापतीने ती वाट बंद केली. पुढे २७ वर्षे त्यांनी इमाने इतबारे नोकरी केली. पोलीस दलात कुस्तीगीर घडवले आणि सहायक पोलीस आयुक्त म्हणून ते निवृत्त झाले. ऑलिम्पिक पदक मिळवलेल्या या माणसाला निवृत्तिवेतनासाठीही झगडावे लागले. १९८२ मध्ये दिल्लीत आशियाई स्पर्धा झाल्या, तेव्हा मशाल घेऊन धावणाऱ्यांत त्यांचा समावेश झाला, एवढाच काय तो गौरव.

दरम्यान, बाहेरच्या जगात खेळाचे अर्थकारण झपाट्याने बदलत होते. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकच्या दूरचित्रवाणी प्रक्षेपणासाठी बीबीसीने अवघ्या एक हजार गिनी देऊ केल्या होत्या. १९७६ च्या स्पर्धांनी माँट्रियल शहराला एवढ्या कर्जात लोटले, की ते फेडता फेडता २००६ साल उजाडले. त्याचा धसका घेऊन १९८४ चे यजमानपद स्वीकारायला शहरेच पुढे येईनात. लॉस एंजेलिसने ते घेतले, पण करदात्यांच्या खिशात हात न घालण्याच्या बोलीवर. संयोजन समितीचे प्रमुख पीटर उबेरॉथ यांनी मोजक्या बड्या कंपन्यांना प्रायोजकत्व विकले, प्रक्षेपणाच्या हक्कांपोटी अमेरिकेतील एबीसी वाहिनीकडून साडेबावीस कोटी डॉलर घेतले आणि जुनीच मैदाने वापरून खर्च आटोक्यात ठेवला. स्पर्धा संपल्या तेव्हा गाठीशी वीस कोटी डॉलरहून अधिक शिल्लक होती. ऑलिम्पिक हा नफ्याचा व्यवसाय होऊ शकतो, हे जगाला त्या दिवशी कळले. पुढच्याच वर्षी ऑलिम्पिक समितीने जागतिक प्रायोजकांची कायमस्वरूपी योजना सुरू केली. हौशीपणाचे सोवळेही लवकरच सुटले आणि १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेचे कोट्यधीश बास्केटबॉलपटू राजरोसपणे खेळले.

लॉस एंजेलिसच्या स्पर्धांचा समारोप १२ ऑगस्ट १९८४ रोजी झाला. भारताच्या हाती त्यात एकही पदक लागले नव्हते. त्यानंतर दोनच दिवसांनी, १४ ऑगस्ट रोजी खाशाबा जाधव यांचे रस्ता अपघातात निधन झाले. पदकाचा पैसा होण्याचे युग उजाडत असताना पदकाचे कर्ज फेडणारा मल्ल काळाच्या पडद्याआड गेला. त्यांच्या हयातीत त्यांच्यासारखे वैयक्तिक पदक दुसऱ्या कुणा भारतीयाला मिळाले नाही. त्यासाठी १९९६ साल आणि टेनिसपटू लिअँडर पेस यांची वाट पाहावी लागली.

मरणोत्तर सन्मान सावकाश येत गेले. राज्याचा शिवछत्रपती पुरस्कार १९९० च्या दशकात आणि अर्जुन पुरस्कार २००० सालासाठी दिला गेला. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी दिल्लीतील कुस्ती संकुलाला त्यांचे नाव मिळाले. महाराष्ट्र सरकारने त्यांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा करण्याचे ठरवले. पण गोळेश्वरातील नियोजित कुस्ती संकुल मात्र रखडले आणि ते उभे राहावे म्हणून २०१७ मध्ये कुटुंबीयांनी हेलसिंकीचे पदकच लिलावात काढण्याची तयारी दर्शवली. ज्या पदकासाठी एकदा घर गहाण पडले होते, तेच पदक आता तालमीच्या भिंतींसाठी विक्रीला निघण्याची वेळ आली होती.

२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील नेमबाज स्वप्नील कुसाळे यांनी कांस्यपदक जिंकले. खाशाबांनंतर वैयक्तिक पदक मिळवणाऱ्या या दुसऱ्या महाराष्ट्रीय खेळाडूसाठी राज्य सरकारने तातडीने एक कोटी रुपयांचे बक्षीस जाहीर केले आणि रेल्वेने बढती दिली. ७२ वर्षांत एवढा फरक पडला, याचे समाधान मानायलाच हवे. पण बक्षीस पदकानंतर येते. खर्च त्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. खाशाबांची सारी वणवण त्या आधीच्या वर्षांतली होती.

मराठवाड्यालाही ही वणवण अपरिचित नाही. लातूर जिल्ह्यातील निलंगा तालुक्याच्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार कुस्ती शिकायला कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत गेले, १९७० मध्ये एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक जिंकून आले आणि २०११ मध्ये निधन होईपर्यंत नवे मल्ल घडवत राहिले. नांदेडच्या माळेगाव यात्रेत आणि लातूरच्या सिद्धेश्वर यात्रेत कुस्त्यांचे फड रंगतात, तेव्हा भोवती बसलेल्या गर्दीत दूध-बदामाचा हिशेब करणारे बाप असतात. २०३६ चे ऑलिम्पिक भारतात भरवण्याची इच्छा देशाने २०२४ मध्ये अधिकृतपणे कळवली आहे. त्यासाठीच्या मैदानांचे, प्रक्षेपणाचे आणि प्रायोजकांचे आकडे हजारो कोटींत मोजले जातील. त्या आकड्यांत यात्रेच्या फडातील त्या बापाचा हिशेब कुठे बसतो, हे आधी ठरले तर खाशाबांच्या पदकाचे मोल देशाला कळले असे म्हणता येईल.