पॅट्रिक गेडेस

सर पॅट्रिक गेडेस (२ ऑक्टोबर १८५४, बॅलेटर, स्कॉटलंड – १७ एप्रिल १९३२, माँपेल्ये, फ्रान्स) हे स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ, समाजशास्त्रज्ञ आणि आधुनिक नगररचनाशास्त्राचे एक प्रवर्तक होते. मुंबई विद्यापीठातील समाजशास्त्र विभागाचे ते पहिले प्राध्यापक होत.

शिक्षण व पूर्वायुष्य

गेडेस यांनी लंडन येथे टॉमस हेन्री हक्सली यांच्या हाताखाली जीवशास्त्राचा अभ्यास केला. मात्र विद्यापीठाची पदवी कधीच घेतली नाही. १८७९ मध्ये मेक्सिकोत असताना त्यांची दृष्टी काही काळ गेली. सूक्ष्मदर्शकाखालील संशोधनावर त्यामुळे मर्यादा आल्या आणि त्यांचे लक्ष समाज व शहरे यांच्या अभ्यासाकडे वळले. १८८६ मध्ये ॲना मॉर्टन यांच्याशी विवाह झाल्यावर हे दांपत्य एडिंबरोच्या जुन्या, दाटीवाटीच्या वस्तीत राहावयास गेले व तेथील घरांच्या सुधारणेचे काम त्यांनी हाती घेतले. १८८८ ते १९१९ या काळात गेडेस डंडी येथे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते.

नगररचनाविषयक विचार

आराखड्यापूर्वी सर्वेक्षण हे त्यांचे मुख्य सूत्र होते. भूरचना, पाणी, व्यवसाय, इतिहास व लोकजीवन जाणून घेतल्याशिवाय शहराची आखणी करू नये, असे ते मानीत. वस्त्या सरसकट पाडून रुंद रस्ते काढण्यास त्यांचा विरोध होता, कारण त्यामुळे बेघर झालेले लोक इतरत्र गर्दी करतात. मोजकीच मोडकळीस आलेली घरे काढून हवा, उजेड व मोकळी जागा मिळवावी, या त्यांच्या पद्धतीस संरक्षक शस्त्रक्रिया म्हणतात. ‘सिटीज इन इव्होल्यूशन’ हा त्यांचा ग्रंथ १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला.

भारतातील कार्य

१९१४ मध्ये मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून ते भारतात आले. त्यांच्या नगररचना प्रदर्शनाचे साहित्य घेऊन येणारे जहाज एम्डेन या जर्मन युद्धनौकेने बुडविले. तरीही नव्याने साहित्य जमवून १९१५ मध्ये मद्रास येथे प्रदर्शन भरविण्यात आले. मुंबई इलाख्यासह देशातील अनेक शहरांसाठी त्यांनी अहवाल लिहिले. १९१७ मध्ये मुलगा ॲलास्डेर युद्धात मारला गेला आणि त्याच वर्षी पत्नीचे कलकत्त्यात निधन झाले. होळकरांच्या इंदूर शहराचा त्यांचा द्विखंडात्मक अहवाल १९१८ मध्ये निघाला.

मुंबई विद्यापीठ

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठाने समाजशास्त्र व नागरिकशास्त्र यांच्या पदव्युत्तर अध्यापनासाठी त्यांची नियुक्ती केली. शहराचे प्रत्यक्ष निरीक्षण हा त्यांच्या अध्यापनाचा गाभा होता. त्यांच्या शिफारशीने गो. स. घुर्ये इंग्लंडला उच्च शिक्षणासाठी गेले व १९२४ मध्ये विभागप्रमुख झाले.

अखेरची वर्षे

प्रकृतीच्या कारणास्तव गेडेस १९२४ मध्ये भारत सोडून माँपेल्ये येथे स्थायिक झाले. १९२५ मध्ये त्यांनी तेल अवीव शहराचा आराखडा तयार केला. १९३२ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. अमेरिकन लेखक लुईस ममफर्ड यांच्या नगरविषयक लेखनावर त्यांच्या विचारांचा प्रभाव आढळतो.