व्हिक्तोरचे गुरू

फ्रान्स देशाच्या दक्षिणेस प्रोव्हाँस नावाचा प्रांत आहे. त्या प्रांतातील एका लहानशा गावी १७७४ साली झाँ इतार यांचा जन्म झाला. त्यांनी पेढीवर बसून हिशेब पाहावेत, अशी घरच्या वडीलधाऱ्यांची इच्छा होती. परंतु १७८९ मध्ये फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली, पाठोपाठ युद्धे पेटली आणि तरुणांची सक्तीने सैन्यात भरती होऊ लागली. तेव्हा इतार तुलाँ येथील लष्करी रुग्णालयात दाखल झाले. वैद्यकाचे रीतसर शिक्षण न घेतलेला हा तरुण जखमी सैनिकांची शुश्रूषा करता करता शस्त्रवैद्य बनला. पुढे १७९६ मध्ये ते पॅरिसला आले आणि १८०० सालच्या अखेरीस तेथील मूकबधिरांच्या राष्ट्रीय संस्थेचे वैद्य म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्यांचे नाव आज जगाला ठाऊक आहे ते मात्र एका वेगळ्याच कारणाने.

१८०० सालच्या जानेवारी महिन्यात, ऐन कडाक्याच्या थंडीत, दक्षिण फ्रान्समधील सँ-सेर्नँ या गावी एका रंगाऱ्याच्या परसात एक मुलगा आढळला. त्याच्या अंगावर धड वस्त्र नव्हते. वय अकरा-बारा वर्षांचे असावे. गळ्यावर जुन्या जखमेचा लांब व्रण होता आणि सर्वांगावर ओरखडे होते. त्याला एकही शब्द बोलता येत नव्हता. आसपासच्या रानात गेली काही वर्षे हा मुलगा लोकांच्या दृष्टीस पडत असे. शिकाऱ्यांनी त्याला पूर्वी पकडलेही होते. पण प्रत्येक वेळी तो निसटून पुन्हा रानात गेला होता. त्याचे आईबाप कोण, त्याला रानात कोणी सोडले, हे कधीच कळले नाही. ओक वृक्षाची फळे, कंदमुळे आणि शेतातून उकरून काढलेले बटाटे यांवर तो जगला होता.

ही वार्ता राजधानीत पोहोचली आणि सरकारी हुकुमाने त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये मुलाला पॅरिसला आणण्यात आले. निसर्गाच्या कुशीत वाढलेला मानव कसा निष्पाप, कसा थोर असतो, याची त्या काळी विद्वानांत मोठी चर्चा चाले. तसा मानव पाहावयास मिळणार, म्हणून मूकबधिरांच्या संस्थेत बघ्यांची रीघ लागली. त्यांना दिसला तो पिंजऱ्यातील श्वापदाप्रमाणे सतत डुलणारा, जवळ येणाऱ्याला चावणारा, कोणाच्याही डोळ्याला डोळा न भिडवणारा एक मळकट पोर. लोकांचे कुतूहल लवकरच ओसरले. मनोरुग्णांच्या चिकित्सेत ज्यांचा शब्द प्रमाण मानला जाई, त्या पिनेल यांनी मुलाची तपासणी केली. हा मुलगा रुग्णालयातील जन्मतः मंदबुद्धी असलेल्या मुलांसारखाच आहे, त्याच्या सुधारणेची आशा धरण्यात अर्थ नाही, असा निर्णय त्यांनी दिला. त्या काळी अशा मुलांना रुग्णालयाच्या एखाद्या कोपऱ्यात कायमचे ठेवून देत. या मुलाचीही तीच गत व्हावयाची होती.

पिनेल यांचा निर्णय इतार यांना पटला नाही. ते तेव्हा अवघे पंचविशीतील होते आणि पिनेल यांना ते गुरुस्थानी मानीत. तरीही त्यांनी नम्रपणे आपले वेगळे मत मांडले. मनुष्याला ज्ञान मिळते ते इंद्रियांच्या द्वारे आणि इतरांच्या सहवासाने. या मुलाला सहवासच लाभला नाही. मग त्याची बुद्धी फुलावी कशी? त्याला शिकवून पाहिल्यावाचून तो शिकणार नाही असे कसे म्हणावे? इतार यांनी मुलाचा भार स्वतःवर घेतला. त्याच्या रोजच्या सांभाळासाठी मादाम गेराँ या बाईंची नेमणूक झाली. तिला वर्षाला दीडशे फ्रँक वेतन मिळे. तेवढ्या वेतनात तिने त्या मुलाला आईची माया दिली. इतार यांच्या यशात या बाईचा वाटा फार मोठा आहे, आणि तो इतार यांनीच मोकळेपणाने मान्य केला आहे.

इतार यांनी प्रथम काय केले असेल? त्यांनी मुलाला अक्षरे शिकवली नाहीत की शिस्त लावली नाही. त्याला काय आवडते, तेच त्यांनी पाहिले. त्याला मोकळ्या हवेत हिंडणे, पोटभर खाणे आणि निजणे आवडे. ते सर्व त्याला मिळू लागले. बर्फ पडू लागले की तो आनंदाने बेभान होऊन बाहेर धावे आणि उघड्या अंगाने त्यात लोळे. चांदण्या रात्री तो खिडकीपाशी मान उंचावून तासन् तास निश्चल उभा राही.

त्याची इंद्रिये विलक्षण होती. त्याच्या कानाशी पिस्तूल झाडले तरी तो दचकत नसे. मात्र त्याच्या पाठीमागे कोणी हलकेच अक्रोड फोडला की तो तत्काळ वळून पाही. निखाऱ्यातील बटाटा तो हाताने उचली आणि तसाच खाई. तेव्हा तो बहिरा नव्हता किंवा त्याची त्वचा बधिरही नव्हती. ज्याचे त्याला प्रयोजन होते, तेवढेच त्याच्या मनापर्यंत पोहोचत होते. इतार त्याला रोज दोन-दोन, तीन-तीन तास ऊन पाण्याने स्नान घालू लागले. काही आठवड्यांत मुलाला ऊन व थंड यांतील भेद कळू लागला. पाणी पुरेसे ऊन नसले तर तो बोट बुडवून पाही आणि स्नानास नकार देई. थंडी वाजू लागल्यावर कपड्यांची गरज भासली आणि तो आपले कपडे आपण घालू लागला. जे धाकाने साधले नसते ते अशा रीतीने सहज साधले.

‘ओ’ हा स्वर कानी पडला की मुलगा मान वळवी. म्हणून तो स्वर ज्यात आहे असे व्हिक्तोर हे नाव इतार यांनी त्याला दिले. त्या नावाने हाक मारताच तो धावत येऊ लागला.

त्याचे लक्ष एका जागी ठरावे यासाठी इतार यांनी एक खेळ योजला. तीन पेले पालथे घालून त्यांतील एकाखाली ते चेस्टनटचे फळ लपवीत आणि मग पेल्यांच्या जागा बदलीत. फळ नेमके कोठे आहे हे व्हिक्तोर अचूक दाखवी. हळूहळू फळाच्या जागी न खाण्याजोगी वस्तू ठेवली, तरी खेळातील त्याची गोडी कमी झाली नाही. मग एका फळ्यावर किल्ली, कातरी, हातोडी यांच्या आकृत्या काढल्या आणि ती ती वस्तू तिच्या आकृतीखाली टांगावयास त्याला शिकवले. त्यानंतर निरनिराळ्या रंगांचे व आकारांचे तुकडे आले आणि शेवटी अक्षरे आली. एक पायरी चढून झाली की तिच्याहून किंचित अवघड अशी दुसरी पायरी, हा इतार यांचा क्रम होता. एखादी पायरी फार उंच झाली तर दोष मुलाचा न मानता मध्ये आणखी एक पायरी बसवावी, हे ते अनुभवाने शिकले.

हा अनुभव मात्र स्वस्तात मिळाला नाही. पाठ अवघड होऊ लागले तेव्हा व्हिक्तोर चिडे, वस्तू फेकून देई, चादरी दातांनी फाडी आणि अखेर झटका आल्याप्रमाणे जमिनीवर पडे. एके दिवशी इतार यांचाही तोल सुटला. मुलाला उंचाचे भय वाटते हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी त्याला उचलले आणि वरच्या मजल्याच्या खिडकीबाहेर डोके खाली करून धरले. नंतर व्हिक्तोरने थरथरत आपली पुठ्ठ्याची अक्षरे गोळा केली, जागच्या जागी ठेवली आणि बिछान्यावर पडून तो रडू लागला. त्याच्या डोळ्यांतील अश्रू इतार यांनी त्या दिवशी प्रथमच पाहिले. मुलाचे झटके त्यानंतर कमी झाले, असे इतार सांगतात; तरीही हे कृत्य समर्थनीय ठरत नाही. पुढे एकदा डोळ्यांवर पट्टी बांधून स्वर ओळखण्याचा पाठ चालू होता. व्हिक्तोरला तो खेळ वाटे आणि हसण्याच्या भरात तो चुका करी. इतार यांनी त्याच्या बोटांवर काठी मारली. पट्टी सोडली तेव्हा मुलाचे डोळे पाण्याने भरलेले दिसले. त्यानंतर त्या पाठात त्याचे मन कधीच रमले नाही. एका फटक्याने कित्येक दिवसांचे श्रम वाया गेले, याचा इतार यांना फार पश्चात्ताप झाला आणि तो त्यांनी लपवून ठेवला नाही.

व्हिक्तोरने बोलावे ही इतार यांची सर्वांत मोठी इच्छा होती. दुधाला फ्रेंच भाषेत ‘ले’ म्हणतात. व्हिक्तोर तो शब्द उच्चारू लागला तेव्हा इतार यांना धन्यता वाटली. पण ध्यानात आले ते असे की, दूध मागण्यासाठी तो हा शब्द वापरीतच नाही. दूध मिळाल्यावर केवळ आनंदाने उच्चारतो. पुढे त्याला अक्षरे जुळवून तो शब्द लिहिता येऊ लागला. एकदा ओळखीच्या एका घरी जाताना त्याने ती चारही अक्षरे खिशात घालून नेली आणि टेबलावर मांडून दूध मागितले. तोंडाने जे साधत नव्हते ते त्याने हाताने साधले होते.

शब्द आणि वस्तू यांची गाठ घालून देताना मोठी गंमत झाली. पुस्तक हा शब्द वाचून तो एकच ठरावीक पुस्तक आणी. ते कुलपात ठेवले की शेजारी दुसरी पुस्तके पडलेली असूनही तो हताश होऊन रिकाम्या हाताने परते. एका नावाखाली अनेक वस्तू येतात हे त्याला समजावे म्हणून पुष्कळ दिवस खर्ची पडले. ते समजले तेव्हा तो इतका पुढे गेला की, ब्रश आणि झाडू त्याला एकच वाटू लागले! परंतु याच शक्तीने एकदा त्याच्याकडून नवलाचे काम करवून घेतले. खडूचा तुकडा धरण्याची दांडी सापडेना, तेव्हा त्याने स्वयंपाकघरातील एक जुनी सळई घेतली आणि तिच्यापासून तशी दांडी तयार केली. हे त्याला कोणीही शिकवले नव्हते.

व्हिक्तोरचे मन किती जागे झाले होते हे एका प्रसंगावरून कळते. जेवणाची ताटे मांडण्याचे काम त्याच्याकडे असे. मादाम गेराँचे पती आजारी पडून वारले. त्या दिवशीही त्याने नेहमीप्रमाणे त्यांचे ताट मांडले. ते पाहताच त्या बाईला रडू कोसळले. व्हिक्तोर क्षणभर स्तब्ध उभा राहिला. मग त्याने ते ताट हळूच उचलून कपाटात ठेवले आणि पुन्हा कधीही मांडले नाही. दुसऱ्याचे दुःख ज्याला कळत नाही असे विद्वानांनी ठरवले होते, तो हाच मुलगा होता.

सुमारे पाच वर्षे इतार यांनी हे काम केले. १८०१ मध्ये त्यांनी पहिला वृत्तान्त प्रसिद्ध केला. दुसरा त्यांनी १८०६ साली सरकारला सादर केला. व्हिक्तोर बोलू शकला नाही. इतार यांच्या मनास त्याची खंत होती आणि आपला प्रयत्न फसला असेच त्यांना वाटे. लाकडे कापणारा, घरकामात मदत करणारा, माया जाणणारा व्हिक्तोर त्यांच्या डोळ्यांसमोर होता. पण त्यांनी ठरवलेल्या उंचीच्या मानाने तो त्यांना ठेंगणा दिसला. सरकारने मादाम गेराँचे वेतन चालू ठेवले. संस्थेजवळच्या एका घरात व्हिक्तोर तिच्यापाशी राहिला आणि १८२८ मध्ये, चाळिशीच्या सुमारास, मरण पावला.

स्वमग्नता ही अवस्था वैद्यकाने १९४३ नंतर वेगळी ओळखली. नजर न भिडवणे, डुलत राहणे, वस्तूंची ठरावीक मांडणी मोडली की व्याकूळ होणे, ही व्हिक्तोरची लक्षणे वाचून तो स्वमग्न असावा असे अलीकडच्या काही अभ्यासकांना वाटते. तसे असेल तर पिनेल आणि इतार या दोघांच्याही हाती अर्धेच सत्य होते. तो जन्मतः वेगळा होता, हे पिनेल यांनी जाणले. असा मुलगाही शिकू शकतो, हे इतार यांनी दाखवले.

इतार पुढे कर्णरोगांचे नामांकित तज्ज्ञ झाले. कानाच्या विकारांवरील त्यांचा मोठा ग्रंथ १८२१ साली प्रसिद्ध झाला. जन्मतः बधिर असलेल्या मुलांवर त्यांनी औषधोपचार करून पाहिले. त्यांतील काही फार वेदनादायक होते आणि गुण कशानेच आला नाही. औषधाने जे होत नाही ते शिक्षणाने करावे लागते, या निष्कर्षाला ते याही वाटेने येऊन पोहोचले. उतारवयात प्रकृती ढासळली असता, १८३७ मध्ये, एदुआर सेगँ नावाचा तरुण त्यांच्याकडे आला. एका मंदबुद्धी बालकाला कसे शिकवावे हे इतार यांनी त्याला समजावून सांगितले. पुढच्याच वर्षी, ५ जुलै १८३८ रोजी, त्यांचे देहावसान झाले.

सेगँ यांनी ती पद्धती पुष्कळ वाढवली, अशा मुलांसाठी पॅरिसमध्ये वर्ग चालवले आणि पुढे अमेरिकेत जाऊन तेथील शाळांना मार्ग दाखवला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रोममध्ये मारिया माँटेसरी या तरुण डॉक्टर बाईंना रुग्णालयात डांबलेल्या मुलांची दया आली. तेव्हा त्यांनी इतार व सेगँ यांचे लेखन शोधून काढले आणि ते अक्षरशः स्वतःच्या हाताने इटालियन भाषेत उतरवून घेतले. त्या मुलांना शिकवताना सिद्ध झालेली साधने मग त्यांनी सर्वच बालकांसाठी वापरली. १९३९ साली माँटेसरीबाई हिंदुस्थानात आल्या आणि त्यांनी येथे शेकडो शिक्षकांना तयार केले. त्याआधीच, १९२६ मध्ये, गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी त्यांच्या विचारांच्या प्रेरणेने नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला होता. १९४५ साली ताराबाईंनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या गावी खेड्यांतील मुलांसाठी काम सुरू केले. तेथे विकत आणलेल्या महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया आणि खडे मुलांच्या हाती आले. आणि मुले ती जुळवत, मोजत, रंगाशी रंग लावत बसली.