निजामाची पिवळी रोल्स रॉईस आयुष्यात फक्त ३५६ मैल चालली, तिच्या मालकाची ही गोष्ट

अर्धापूरहून गाडी काढायची, नांदेड, नरसी, देगलूर करत हैदराबाद गाठायचं, चारमिनार बघायचा, बिर्याणी खायची आणि परत यायचं. घरी पोचेपर्यंत मीटरवर पावणेसहाशे-सहाशे किलोमीटर पडलेले असतात. आपल्याकडची पोरं एका शनिवार-रविवारात हे करून येतात.

हैदराबादच्या चौमहल्ला पॅलेसमध्ये काचेआड एक पिवळीधमक रोल्स रॉईस उभी आहे. तिच्या मीटरवर आकडा होता ३५६ मैल, म्हणजे साधारण ५७३ किलोमीटर. राजाच्या सेवेत असताना ही गाडी एवढीच पळाली. अर्धापूर ते हैदराबाद जाऊन-येऊन, बस्स.

गाडी होती हैदराबादच्या निजामाची. मीर उस्मान अली खान, असफजाही घराण्याचा सातवा आणि शेवटचा निजाम. ज्याच्या नावावरून धाराशिवचं उस्मानाबाद झालं होतं, तोच हा.

या माणसाचं आयुष्य समजून घ्यायचं तर त्याच्या गाड्यांच्या मागे जाणं हा एक चांगला रस्ता आहे. त्यात त्याची श्रीमंती दिसते, चिक्कूपणा दिसतो आणि मराठवाड्याला काय भोगावं लागलं तेही दिसतं.

उस्मान अलीचा जन्म एप्रिल १८८६ चा. वडील महबूब अली खान म्हणजे सहावा निजाम. हा माणूस शौकीन. कपड्यांचा त्याला एवढा नाद की पुरानी हवेलीत त्याचं कपाट सुमारे २४० फूट लांब आहे. ते आजही बघायला मिळतं.

गाड्या तेव्हा नुकत्याच भारतात येऊ लागल्या होत्या. १९११ मध्ये महबूब अली खानच्या काळात इंग्लंडला एका रोल्स रॉईसची ऑर्डर गेली. मॉडेल होतं सिल्व्हर घोस्ट.

आता इथे एक गोष्ट समजून घ्यायला पाहिजे. त्या काळी रोल्स रॉईस कंपनी पूर्ण गाडी विकत नव्हती. ती द्यायची इंजिन आणि सांगाडा. त्यावरची बॉडी गिऱ्हाईकाने आपल्या पसंतीच्या कारागिरांकडून बनवून घ्यायची. हे कारागीर मुळात घोड्यांच्या बग्ग्या बनवणारे. त्यामुळे सिल्व्हर घोस्ट जरी सुमारे वीस वर्षांत आठ हजारांच्या आत-बाहेर बनल्या, तरी एकसारख्या दोन सापडणं अवघड. आज जुन्या गाड्यांचे शौकीन बॉडी कुणी बनवली हे आधी विचारतात, ते याच कारणाने.

निजामाच्या गाडीची बॉडी लंडनच्या बार्कर कंपनीने बनवली. ही कंपनी राजघराण्यांच्या बग्ग्या बनवण्यासाठी प्रसिद्ध होती. रंग पिवळा, छत घुमटाकार, त्यावर सोनेरी काम, आत जरीचं कापड. मागची सीट म्हणजे चक्क सिंहासन, बाकीच्यांपेक्षा उंच. सोबतच्या लोकांना बसायला घडीच्या खुर्च्या. राजा बसलेला रस्त्यावरच्या रयतेला दुरून दिसला पाहिजे, असा सगळा बेत. म्हणूनच तिला थ्रोन कार म्हणतात. अशी दुसरी गाडी नाही.

पण जिच्या नशिबात हा शौकीन राजा होता, ती गाडी त्याला मिळालीच नाही. २९ ऑगस्ट १९११ ला महबूब अली खान वारला. गाडी तयार होऊन आली तेव्हा गादीवर होता २५ वर्षांचा उस्मान अली.

बाप जेवढा उधळ्या, पोरगा तेवढाच हात आखडता.

त्याच्याबद्दलचे किस्से आजही हैदराबादेत ऐकायला मिळतात. जुनी शेरवानी, मळकी टोपी, स्वस्तातली सिगारेट. वडिलांच्या जोड्यात सापडलेला जेकब हिरा, वजन सुमारे १८४ कॅरेट, हा गडी टेबलावर पेपरवेट म्हणून वापरायचा असं सांगतात. वडिलांचे झगमगीत महाल सोडून तो किंग कोठीत राहिला. सिंहासनवाली रोल्स रॉईस फक्त मोठ्या समारंभाला बाहेर निघायची. म्हणून तर मीटर ३५६ मैलांवर थांबलं.

फेब्रुवारी १९३७ मध्ये निजामाच्या राज्याचा रौप्यमहोत्सव झाला. त्याच महिन्यात अमेरिकेच्या टाइम मासिकाने त्याला मुखपृष्ठावर छापलं, जगातला सगळ्यात श्रीमंत माणूस म्हणून.

हा पैसा यायचा कुठून?

हैदराबाद हे देशातलं सगळ्यात मोठं संस्थान. स्वतःचं चलन, स्वतःची रेल्वे, स्वतःचं पोस्ट. १९४१ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे १ कोटी ६३ लाख. तेलुगू, मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणारी माणसं या राज्यात होती आणि साधारण दर चौघांमागे एक जण मराठी होता. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे याच राज्यात. लातूर तेव्हा उस्मानाबादेत होतं. अर्धापूरही निजामाच्याच मुलखात.

राज्याच्या जमिनीचे तीन भाग होते. एक सरकारी, म्हणजे दिवाणी. दुसरा जहागीरदारांचा. तिसरा भाग म्हणजे सर्फ-ए-खास. राज्याचा साधारण दहावा हिस्सा या तिसऱ्या भागात होता आणि तिथला शेतसारा सरकारच्या तिजोरीत जात नव्हता, थेट निजामाच्या खिशात जायचा. वर नजराणा वेगळा. दरबारात जायचं तर सोन्याची मोहोर हातात पाहिजेच.

म्हणजे थ्रोन कारच्या छतावरच्या सोनेरी कामात कुठल्या कुठल्या कुणब्यांचा घाम होता हे वेगळं सांगायला नको.

तरी हिशेब एकाच बाजूने मांडला तर तो अर्धवट राहील. याच निजामाच्या काळात उस्मानिया विद्यापीठ उभं राहिलं, १९१८ मध्ये. उस्मानिया दवाखाना झाला, हायकोर्टाची इमारत झाली. हैदराबादला मुसी नदीच्या पुरापासून वाचवणारे उस्मान सागर आणि हिमायत सागर झाले. निजामसागर धरण झालं.

आणि बसही त्याच्याच काळात आली. १९३२ मध्ये निजामाच्या रेल्वे खात्याने रस्ते वाहतूक सुरू केली. सुरुवातीला गाड्या होत्या २७ आणि नोकर १६६. आजची तेलंगणा आणि आंध्रची एसटी याच खात्यातून वाढली. तिकडच्या बसच्या नंबरात झेड हे अक्षर असतं, ते निजामाच्या आईच्या, जहरा बेगमच्या नावावरून आलं असं सांगितलं जातं.

पण या विकासाचं केंद्र होतं हैदराबाद शहर. मराठवाड्यातल्या गावागावांत शाळा कमी. ज्या होत्या तिथे वरचं शिक्षण उर्दूतून. सभा घ्यायची तर परवानगी, वाचनालय काढायचं तर संशय. म्हणून इथल्या तरुणांनी खासगी शाळा काढल्या आणि त्याच शाळांमधून निजामाविरुद्धची चळवळ उभी राहिली. स्वामी रामानंद तीर्थ हे हिप्परगा आणि अंबाजोगाईच्या अशाच शाळांमधले शिक्षक. पुढे तेच स्टेट काँग्रेसचे नेते झाले.

१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, पण अर्धापूर, नांदेड, लातूर झाले नाहीत. निजामाला स्वतंत्र राहायचं होतं. कासिम रझवीच्या रझाकारांनी गावोगाव धुडगूस घातला. लोक घरंदारं सोडून सरहद्दीपलीकडच्या कॅम्पात गेले. नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक स्वातंत्र्यसैनिकांनी लुटली ती याच काळात, जानेवारी १९४८ मध्ये.

त्याच्या थोडं आधी निजामाच्या गाडीवर थेट बॉम्ब पडला होता.

२९ नोव्हेंबर १९४७ ला निजामाने भारत सरकारशी जैसे थे करार केला. म्हणजे एक वर्ष आहे तसंच चालू द्यायचं. आर्य समाजाच्या काही तरुणांना हे पटलं नाही. त्यात होते वरंगळकडचे नारायणराव पवार, कायद्याचे विद्यार्थी. निजाम रोज ठरलेल्या वेळी किंग कोठीतून गाडीने बाहेर पडतो हे त्यांनी हेरून ठेवलं.

४ डिसेंबर १९४७ च्या संध्याकाळी गाडी फाटकाबाहेर आली आणि पवारांनी बॉम्ब टाकला. स्फोट झाला, आजूबाजूचे लोक जखमी झाले, गाडीचं नुकसान झालं. निजाम मात्र वाचला. पवार आणि त्यांचे साथीदार पकडले गेले. पवारांना फाशी सुनावण्यात आली, पुढे ती जन्मठेप झाली आणि हैदराबाद भारतात आल्यावर १९४९ मध्ये त्यांची सुटका झाली.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा हैदराबादेत शिरल्या. ऑपरेशन पोलो. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. आज मराठवाड्यात झेंडा वर्षातून एक दिवस जास्त लागतो तो याच दिवशी.

काही महिन्यांनी, फेब्रुवारी १९४९ मध्ये, सरदार पटेल हैदराबादला आले. बेगमपेठच्या विमानतळावर त्यांना घ्यायला निजाम स्वतः गेला आणि हात जोडून उभा राहिला. तो फोटो तुम्ही मोबाईलवर हमखास पाहिला असेल.

सर्फ-ए-खास सरकारजमा झालं. निजामाला वर्षाला ५० लाखांचा तनखा ठरला. १९५० पासून १९५६ पर्यंत तो हैदराबादचा राजप्रमुख होता. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्याची वाटणी झाली, मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि त्याचं उरलंसुरलं पदही गेलं.

शेवटची वर्षं त्याने किंग कोठीतच काढली. २४ फेब्रुवारी १९६७ ला तो वारला. समोरच्या जुदी मशिदीत, आईच्या कबरीशेजारी त्याला पुरलं. अंत्ययात्रेला अफाट गर्दी लोटली. मराठवाड्यात ज्याच्या नावाने रझाकारांच्या आठवणी निघतात, त्याच्यासाठी हैदराबादेत लोक रडले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

मुलाला डावलून त्याने नातू मुकर्रम जाह याला वारस केलं होतं. गंमत म्हणजे घराण्यातला गाड्यांचा खरा वेडा हाच. इंजिन उघडून हात काळे करण्यात त्याला रस, दरबारात नाही. त्याला वारशात काय मिळालं, तर १४ हजारांहून जास्त नोकरचाकर आणि आश्रित, आणि किंग कोठीचं गॅरेज. गॅरेजात गाड्या ६०, त्यातल्या चालू फक्त ४. पेट्रोल आणि सुट्या भागांचा खर्च मात्र दर वर्षी साठाच्या साठ गाड्यांचा लागत होता. मधल्या मध्ये कोण खात होतं हे ज्याचं त्याने समजावं. मुकर्रम जाह शेवटी कंटाळून ऑस्ट्रेलियात मेंढ्यांच्या फार्मवर गेला.

इकडे गाड्या सडल्या. काही विकल्या गेल्या, काही गंजून गेल्या. थ्रोन कार कित्येक वर्षं धूळ खात पडली होती.

जाता जाता एक गोष्ट. निजामाने रोल्स रॉईसला झाडू बांधून कचरा उचलायला लावला, असा मेसेज दर सहा महिन्यांनी फिरतो. हीच गोष्ट अलवर, भरतपूर, पटियाळा अशा बऱ्याच राजांच्या नावावरही सांगतात. ठोस पुरावा कुणी दाखवलेला नाही. तसंच निजामाने १९६५ च्या युद्धात ५ हजार किलो सोनं दान केलं, हेही खरं नाही. त्याने ४२५ किलो सोनं सरकारच्या सुवर्ण रोख्यांत गुंतवलं होतं आणि त्यावर व्याज ठरलेलं होतं. स्वभावाला धरूनच.

२००५ मध्ये चौमहल्ला पॅलेस दुरुस्त करून लोकांसाठी उघडला. पुढे थ्रोन कारही पुन्हा उभी केली. रंग पुन्हा पिवळा, छत पुन्हा सोनेरी. पुरानी हवेलीच्या म्युझियममध्येही १९३० ची रोल्स रॉईस, पॅकार्ड आणि जॅग्वार अशा गाड्या आहेत. जेकब हिऱ्यासह निजामाचे दागिने भारत सरकारने १९९५ मध्ये २१८ कोटींना घेतले, ते रिझर्व्ह बँकेत आहेत.

उस्मानाबादचं नाव आता पुन्हा धाराशिव झालंय. बॉम्ब पडला त्या किंग कोठीच्या एका भागात आता सरकारी दवाखाना आहे.

पुढच्या वेळी हैदराबादला गेलात तर चारमिनारपासून चौमहल्ला पायी जाण्याइतका जवळ आहे. तिकीट काढा आणि ती पिवळी गाडी बघून या. कारागिरीला दाद द्यावी अशीच ती आहे. फक्त बघताना एवढं लक्षात असू द्या की तिचे हप्ते आपल्याच पणज्या-खापरपणज्यांनी शेतसाऱ्यातून भरले होते, आणि त्यांच्यातल्या बहुतेकांनी ती कधी पाहिलीसुद्धा नाही.