दिग्दर्शक नव्हता, तेव्हा नाटक बसवायचं कोण? गोविंद बल्लाळ देवलांची गोष्ट

पुण्यात सदाशिव पेठेतल्या भरत नाट्य मंदिरात नाटक लागलं की जाहिरातीत लेखक, दिग्दर्शक, नेपथ्य, प्रकाशयोजना अशी नावांची रांग दिसते. या संस्थेची मुळं १८९४ सालातली. त्या काळात मात्र दिग्दर्शक हा मानकरी मराठी नाटकात नव्हता. नाटक बसवणाऱ्याला तालीममास्तर म्हणत. त्यातलं मोठं नाव म्हणजे 'शारदा' लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल.

देवलांचा जन्म १८५५ चा, बालपण सांगलीजवळच्या हरिपूरचं. शिकायला बेळगावला गेले आणि तिथे शिक्षक म्हणून भेटले अण्णासाहेब किर्लोस्कर.

३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात अण्णासाहेबांचं 'शाकुंतल' रंगमंचावर आलं. नाटक त्यांचं, पदं त्यांची, तालीम त्यांची आणि रंगमंचावर सूत्रधारही तेच. सगळा कारभार एकहाती. पण १८८५ मध्ये, अवघ्या ४२ व्या वर्षी अण्णासाहेब गेले. आता ऐकायचं कुणाचं?

कामं वाटली गेली. व्यवस्था शंकरराव मुजुमदारांनी सांभाळली. 'शाकुंतल'च्या पहिल्या प्रयोगातली शकुंतला तीच! गर्दी खेचायचा भाऊराव कोल्हटकरांचा गळा. तालीम आली देवलांकडे, आणि खरी कसोटी इथेच होती. संगीत नाटकात गाणारा नट म्हणजे राजा. 'वन्समोअर' आला की कथा जागच्या जागी थांबायची. अशा नटाला गद्य वाक्य कसं बोलायचं हे शिकवायला हिंमत लागते.

देवलांचा सगळा भर त्या गद्यावरच होता. अर्थ समजून, माणसं घरात बोलतात तसं बोलायचं. गद्य नाटकं करणाऱ्या शाहूनगरवासी मंडळीसाठी त्यांनी शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'वरून 'झुंझारराव' लिहिलं. त्यातून गणपतराव जोशींची भूमिका गाजली. मग १८९९ मध्ये 'शारदा' आलं. म्हातारा नवरा, कोवळी मुलगी, पैशासाठी तिचा सौदा करणारा बाप. इथे देव नाहीत, राजे नाहीत. असं नाटक आरडाओरडा करून उभंच राहिलं नसतं.

१९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत आलेल्या बालगंधर्वांनाही देवलांची तालीम मिळाली, गणपतराव बोडसांनाही. १९१३ मध्ये हे दोघं गोविंदराव टेंब्यांसह बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी निघाली. मालक हे तिघे. म्हणजे आता नटच मालक! देवल त्यांच्याबरोबर गेले ते तालीममास्तर म्हणून. हिशेबाच्या वहीत मालक वर, तालमीत मात्र शिकवणारा वर, अशी ही उलटी मांडणी. ती चालली, कारण मालकांना बोलायला शिकवलं होतं ते याच माणसानं.

या मंडळीसाठी देवलांनी आपल्या जुन्या गद्य प्रहसनात पदं घालून 'संशयकल्लोळ' तयार केलं. १४ जून १९१६ ला ते वारले. पहिला प्रयोग झाला ऑक्टोबरमध्ये, बोडस फाल्गुनरावाच्या भूमिकेत.