गीता 9.22 : योगक्षेम वाहतो तो कसा?

अनन्य भक्ताचा योगक्षेम भगवंत स्वतः वाहतो, असं आजचा श्लोक सांगतो. वाचताना मला विवेकानंद आठवले. 31 मे 1893 ला ते मुंबईहून निघाले. शिकागोत कळलं, अधिकृत संस्थेच्या पत्राशिवाय सर्वधर्मपरिषदेत प्रवेश नाही. पैसेही संपत आलेले, म्हणून बॉस्टनकडे गेले. तिथे हार्वर्डचे ग्रीकचे प्राध्यापक जॉन हेन्री राइट भेटले. स्वामीजींशी बोलूनच त्यांची योग्यता राइटना पटली आणि त्यांनी स्वतः शिफारसपत्र लिहिलं. 11 सप्टेंबरला स्वामीजी व्यासपीठावर होते.

व्हिसासाठी पत्रं गोळा करणाऱ्या आम्हा आयटीवाल्यांना अशा पत्राचं मोल लगेच कळतं. योगक्षेम भगवंताने वाहिला, सही मात्र राइट यांची होती. कधी आपल्याकडेही कुणी पत्र मागायला येईल, तेव्हा हा श्लोक आठवू या.

राम कृष्ण हरी!