‘सर्वदा’ म्हणजे नेमकं कधी?

आजचं वचन : स्तोत्र 34:1.

दावीद इथे देवाची सर्वदा स्तुती करायचं ठरवतो, आणि मी दर वेळी त्या ‘सर्वदा’वर अडखळते. रविवारी चर्चमध्ये ठीक आहे हो! पण गेल्या महिन्यात नोकरी गेली, त्या रात्री मी बायबल उघडलंच नाही.

स्तोत्राचं शीर्षक बघा. दावीद तेव्हा वेडाचं सोंग घेऊन कसाबसा जीव वाचवून निघालाय. म्हणजे हे सुखात बसून लिहिलेलं नाही.

मला इथे पंडिता रमाबाई आठवतात. जन्म 1858. वडील अनंतशास्त्री डोंगरे. पुराणं सांगत तीर्थोतीर्थी फिरणारं हे कुटुंब, त्यामुळे देवाची स्तुती जिभेवर लहानपणापासून, तीही संस्कृतात. मग दुष्काळ. आई, वडील, बहीण काही महिन्यांत गेले. उरलेला भाऊ 1880 मध्ये, आणि पती बिपिनबिहारी 1882 मध्ये कॉलऱ्याने. पदरात मनोरमा, वर्षाचीसुद्धा नाही. बाप्तिस्मा पुढच्या वर्षी, इंग्लंडमध्ये झाला.

‘ख्रिस्ती झाल्यावर सगळं सुरळीत झालं’ अशा साक्षी आपण खूप ऐकतो ना? रमाबाईंचं तसं नाही झालं. शारदा सदनावर टीकेचं वादळ उठलं, ऐकू येणं कमी होत गेलं. तरी केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं, दुष्काळातल्या शेकडो बायका-मुली तिथे आल्या. त्यांना कळेल अशा साध्या मराठीत बायबल हवं, म्हणून रमाबाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. अनेक वर्षं भाषांतर चाललं. छपाईचं कामही मुक्तीतल्या बायकाच करायच्या.

त्यांच्यापुढे हा ‘सर्वदा’ही आलाच असणार. मूळ हिब्रूत तो ‘प्रत्येक वेळी’ असा आहे. मला हा फरक फार मोठा वाटतो. ‘सर्वदा’ एकदम मोठं, धूसर. ‘प्रत्येक वेळी’ म्हणजे ती वेळही, आणि तीही, आणि नोकरी गेली ती रात्रसुद्धा.

1921 मध्ये मनोरमाही गेली. चाळीस वर्षांची. मुक्तीचं काम पुढे तिच्याच हाती जायचं होतं. आईने त्यानंतरही भाषांतर सोडलं नाही. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल छापून बाहेर आलं 1924 मध्ये.